दुप्पट व्यास, चौपट पितळ

आठवीची परीक्षा संपली आणि नातू सांगलीच्या पेठेतील भांड्यांच्या दुकानात आजोबांच्या गादीशेजारी बसू लागला. एके दुपारी आजोबा जेवायला गेले असता एका मिठाईवाल्याने पितळी झाकणांचा भाव विचारला. ३० सेंटिमीटर व्यासाचे झाकण ५०० रुपयांना होते. त्याला ६० सेंटिमीटरची चार हवी होती. व्यास दुप्पट, म्हणून भावही दुप्पट, असा हिशेब करून मुलाने नगास हजार रुपये सांगितले आणि इसारही घेतला.

पावती पाहून वडील संतापले. सौदा मोडावा, असे त्यांचे मत पडले. आजोबा शांतपणे म्हणाले, "शब्द आपल्या गादीवरून गेला आहे. माल त्याच भावाने द्यायचा." मुलगा खाली मान घालून पुटपुटला, "मला गणित येतच नाही." वास्तविक वर्तुळाच्या प्रश्नांना त्याला पैकीच्या पैकी गुण होते. दोन्ही सूत्रे तोंडपाठ होती. कोणते सूत्र कशाचे माप सांगते, हे मात्र त्याला कोणी दाखवले नव्हते.

त्या संध्याकाळी आजोबांनी काठपट्टी न बसवलेल्या, सारख्याच एक मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या काढल्या. लहान चकती तराजूत ६०० ग्रॅम भरली. "आता मोठी किती भरेल?" मुलगा म्हणाला, "बाराशे." काटा २ किलो ४०० ग्रॅमवर थांबला. मुलगा बराच वेळ काट्याकडे पाहत राहिला.

मग आजोबांनी दोरा दिला. लहान चकतीभोवती तो सुमारे ९४ सेंटिमीटर लागला, मोठीभोवती १८८. बांगडी मोजली, डब्याचे तोंड मोजले. प्रत्येक वेळी परीघ व्यासाच्या तिपटीहून थोडा अधिक निघाला. "ही काठाची पट्टी. ती दुप्पटच लागते. चौपट लागतो तो पत्रा."

"पण चौपट का?" या प्रश्नाचीच आजोबा वाट पाहत होते. त्यांनी कागदाचे वर्तुळ कापून त्याच्या सोळा फोडी केल्या आणि एक सुलट, एक उलट अशा शेजारी मांडल्या. जवळजवळ आयत तयार झाला. त्याची लांबी अर्ध्या परिघाइतकी, उंची त्रिज्येइतकी. व्यास दुप्पट झाला की लांबीही दुप्पट आणि उंचीही दुप्पट. म्हणून क्षेत्रफळ चौपट.

"हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक आहे," आजोबा सांगू लागले. तत्त्वार्थसूत्राच्या भाष्यात परिघाला व्यासाच्या चतुर्थांशाने गुणून क्षेत्रफळ काढण्याची रीत आहे. ती आणि कागदाच्या फोडींची रीत एकच. नवव्या शतकात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त व्यासाची तिप्पट हे परिघाचे स्थूल माप आणि दहाच्या वर्गमुळाची पट हे सूक्ष्म माप दिले. एक लाख योजने व्यासाच्या जंबूद्वीपाचा परीघ ३,१६,२२७ योजनांहून किंचित अधिक सांगितला जातो, तो याच वर्गमुळामुळे. आजच्या मानाने तो ३,१४,१५९ योजने येतो.

"म्हणजे त्यांचे चुकले?" मुलाने विचारले.

"शेकड्याला एकाहूनही कमी फरक आहे, आणि तो लपवायचा नाही. त्यांनी स्थूल आणि सूक्ष्म असे दोन्ही सांगितले, कारण आपले माप किती अचूक आहे, हे मापणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. तू सूत्र विसरला नाहीस. काय मोजतो आहेस, एवढेच विचारायचे राहून गेले."

चार झाकणे ठरल्या भावाने गेली. तोटा आजोबांनी वहीत नोंदवला. मुलाच्या नावे मात्र टाकला नाही.

पुढच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने ४५ सेंटिमीटरच्या झाकणाचा भाव विचारला. आजोबा गादीवरच होते, पण बोलले नाहीत. मुलाने बोटांवर काही मोजले आणि म्हणाला, "पट्टी दीडपट, पत्रा सव्वादोन पट. जरा थांबा, हिशेब करून सांगतो." आजोबांनी पावतीपुस्तक त्याच्याकडे सरकवले.