मर्यादा आमच्याच बाजूला होती

शाळेची वेबसाइट आम्ही शिक्षकच सांभाळतो. प्रवेशाच्या दिवसांत एका मुलीची अम्मी रोजी बुडवून तीनदा आली. जन्मदाखल्याचा फोटो अपलोडच होईना. "फोटो नीट काढा," म्हणत आम्ही तिला परत पाठवत राहिलो.

शेवटी सर्व्हरची सेटिंग उघडली. पीएचपीमध्ये एका फाइलची मर्यादा मुळातच २ एमबी असते. मोबाइलचा फोटो त्याहून मोठा. ती मर्यादा आम्ही ८ केली आणि संपूर्ण फॉर्मची, जी त्याहून जास्त हवी, ती १६. मेमरीचे १२८ एमबी पुरेसे होते, त्यांना हात लावला नाही. सर्व्हर पुन्हा सुरू करताच दाखला अपलोड झाला.

आम्ही त्या अम्मीची माफी मागितली. बुडालेली रोजी मात्र परत देता आली नाही. आता प्रवेश सुरू होण्याआधी आम्ही स्वतः मोबाइलवरून एक फॉर्म भरून पाहतो.