फटफटी सोडावी कीं न सोडावी?

गेल्या महिन्यांत आमच्या मेजावर एक कागद येऊन पडला. वाहन चालविण्याचा परवाना नवा करून घेण्यासाठीं भरावयाचा हा कागद पुतण्यानें छापून आणून ठेवला होता. वयाचीं ५५ वर्षें ओलांडलेल्या माणसास हा परवाना पांच पांच वर्षांपुरताच मिळतो, आणि आमची मुदत यंदा भरत होती. प्रकृतीविषयींच्या कांहीं प्रश्नांचीं उत्तरें अर्जदारानें स्वतःच्या सहीनें द्यावयाचीं असतात. पैकीं एक प्रश्न असा, कीं चांगल्या दिवसाउजेडीं २५ मीटरांवरून मोटारीच्या पाटीवरील आंकडे तुम्हांस ओळखतां येतात काय? आम्हीं लेखणी उचलली, 'होय' असें लिहावयास गेलों, आणि थांबलों. उत्तर खोटें नव्हतें. पण आमच्या मनांत एका रात्रीची गोष्ट होती, आणि त्या रात्रीविषयीं त्या कागदानें आम्हांस कांहींच विचारलें नव्हतें.

वाचकांपैकीं पुष्कळांस हें वाचून प्रथम हंसूंच येईल. साठी उलटलेला, जन्मभर मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलेला मास्तर, आणि त्याला सोडवत नाहीं काय, तर फटफटी! व्यसनच लागावयाचें होतें तर तपकिरीचें लागावयाचें, असें आमच्या एका वृद्ध स्नेह्यांनीं आम्हांस तोंडावर ऐकविलें आहे. परंतु ही गाडी आम्हीं हौसेनें घेतली नव्हती. आम्ही १९७५ सालचे, जुन्या अकरावीचे मॅट्रिक. शास्त्रीबुवांपाशीं लघुकौमुदी झालेली होती. तिच्या बळावर एका खासगी शाळेंत संस्कृत शिकविण्याचें काम मिळालें. शाळा पांचगणीच्या पलीकडे, घर वाईस मधल्या आळींत, आणि मध्यें पसरणीचा घाट. चढण सुमारें ६०० मीटरांची. पावसाळ्यांत धुकें असें उतरे कीं एस. टी. येत आहे कीं घाटांतच अडकली आहे, हें ती पुढ्यांत उभी राहीपर्यंत कळत नसे. स्वतः उशिरा पोंचणारा मास्तर मुलांना उशिराबद्दल कोणत्या तोंडानें रागावणार? अखेर १९८७ सालीं जिल्ह्यांतीलच एका निवृत्त सुभेदारांकडून आम्हीं त्यांची वापरलेली बुलेट विकत घेतली. ह्या जातीच्या गाड्यांस भारतीय सैन्याकडून १९५२ सालीं मागणी आली व १९५५ सालीं मद्रासेस त्यांची कंपनी निघाली. सातारा जिल्हा सैनिकांचा. तेव्हां ती आमच्या दारीं सुभेदारांच्या हातून आली यांत नवल नाहीं.

तिची रीत मोठी कर्मठ. किल्ली फिरवावी, मग किकवर पाय देऊन ती हळूहळू दाबीत जावी, तों दिव्याच्या माथ्यावरील लहानशा तबकडींतला कांटा मध्यावर येतो. तेथें थांबून डाव्या मुठीपाशीं असलेली बारीक दांडी ओढावी, म्हणजे इंजिनांत कोंडलेला दाब सुटतो. किक तसूभर पुढें न्यावी, दांडी सोडावी, किक वर येऊं द्यावी, आणि मग एकच लाथ. संध्येंतील एखादा उपचार राहिला तर देव रागावत नसावा. येथें क्रम चुकला तर किक उलटून घोट्यावर बसते. शिवाय अलीकडच्या गाड्यांचे गिअर डाव्या पायाशीं व ब्रेक उजव्या पायाशीं असतो. हिचें बरोबर उलट. पहिला गिअर वर, बाकीचे खालीं, आणि सगळे उजव्या पायानें. व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर इतर गाड्या हा उत्सर्ग, आमची अपवाद. ३८ वर्षें अपवादच घोकल्यामुळें उत्सर्ग आम्ही साफ विसरलों आहों. पुतण्याची नवी गाडी एकदां चालवून पाहिली. ब्रेक म्हणून डावा पाय दाबला, तों गिअर पडला व गाडी कुंपणाच्या निवडुंगांत शिरली. तेव्हां ही सोडणें म्हणजे सगळ्याच सोडणें होय. बिनगिअरच्या स्कूटरची सूचना घरांत दोनदां झाली आहे. तिच्याविषयीं आम्ही येथें कांहीं लिहीत नाहीं.

ज्यांचें घर मोठें आहे त्यांस आमचें म्हणणें लौकर पटेल. दहाबारा माणसांच्या घरांत अडल्या वेळीं धांवणारें एक माणूस लागतें, आणि ज्याच्यापाशीं वाहन तें माणूस तोच. 'अण्णांना सांगा' हे शब्द आमच्या वाड्यांत तीन तपें चालत आले. श्राद्धाचे ब्राह्मण, परीक्षेच्या उत्तरपत्रिका, मिरजेहून आलेला तंबोरा, दोन बाळंतपणांच्या वेळीं मध्यरात्रीं नर्सबाई, हें सर्व ह्याच गाडीवरून आलें. तीर्थरूपांना शेवटच्या दुखण्यांत साताऱ्यास नेलें तेंही हिच्यावरूनच, त्यांच्या व आमच्या कमरेस मिळून एक पंचा बांधून. वाटेंत ते एकदांच बोलले. "फार जोरानें नेऊं नकोस, मला कांहीं घाई नाहीं," असें म्हणाले. त्या पंचाची गांठ आमच्या पोटावर होती. सेवानिवृत्त झालों तेव्हां शाळा सुटली, पण हें काम सुटलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर त्यामुळेंच शाळा सुटल्याचें आम्हांस फारसें जाणवलें नाहीं.

पुतण्या बँकेंत असल्यामुळें आंकड्यांचा मोठा भोक्ता. २०२२ सालीं देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं व त्यांपैकीं ७४,८९७ दुचाकीवरचीं होतीं, हें त्यानें आम्हांस जेवतांना वाचून दाखविलें. आम्हींही त्याच अहवालांतून शोधून काढलें, कीं मृतांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश १८ ते ४५ ह्या वयांतले होते. "म्हणजे गाडी तूं सोडावीस," असें आम्हीं त्याला सांगितलें. पंगतींत हंशा झाला व वाद आम्हीं जिंकला. म्हातारीं माणसें मुळांत गाडीवर बसतातच किती, हा प्रश्न त्यास सुचला नाहीं. आम्हांस सुचला होता, पण आम्हीं तो काढला नाहीं.

आतां त्या रात्रीविषयीं. गेल्या मार्गशीर्षांत धाकटे बंधु पुण्याहून यावयाचे होते. त्यांस आणावयास आम्ही महामार्गावरील सुरूर फाट्यावर गेलों. परत येतांना आठ वाजून गेले होते. उसाचा हंगाम, रस्त्यानें ट्रॉल्यांची रीघ लागलेली. समोरून एक मालमोटार आली. तिच्या पांढऱ्या दिव्यांनीं आमच्या डोळ्यांपुढें दुधासारखा पडदा आला व ती निघून गेल्यावरही तो लगेच सरला नाहीं. त्या पडद्याच्या आड, चाक पंक्चर झालेली उसाची एक ट्रॉली रस्त्यांतच उभी होती. मागें दिवा नाहीं. चाकाला एक धोंडा लावलेला, एवढाच काय तो बंदोबस्त. गाडी थांबली तेव्हां मोळ्यांबाहेर आलेल्या उसांचीं टोकें आमच्या दिव्याच्या कांचेस टेकलीं होतीं. बंधु कांहीं बोलले नाहींत. आम्हीही बोललों नाहीं. घरीं आल्यावर हातपाय धुऊन दोघे पानावर बसलों आणि पुण्याच्या मंडळींच्या गोष्टी निघाल्या.

दुसऱ्या दिवशीं आम्ही डोळे दाखविण्यास गेलों. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु धरला होता. भिंग गढूळ झालें म्हणजे समोरून येणारा उजेड डोळ्यांत फांकतो आणि त्या फांकलेल्या उजेडांत अंधारांतील वस्तु बुडून जाते, असें डॉक्टरांनीं समजावून दिलें. पौष-माघांत दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर वैराटगडाची कड आम्हांस अशी कोरून काढल्यासारखी दिसली, कीं इतकीं वर्षें आपण कसला डोंगर पाहत होतों असें वाटलें. दोष सांपडला, दोष काढला. आतां गाडी सोडण्याचें कारणच उरलें नाहीं, असें आम्हीं स्वतःस बजाविलें.

वाचकहो, येथें एक कबुली द्यावयाची आहे. त्या रात्रीं ट्रॉली आम्हांस आधीं दिसली नाहीं. आधीं "दादा, पुढें!" अशी हांक ऐकूं आली, खांद्यावर बोटें रुतलीं, आणि मग पाय ब्रेकवर गेला. आम्ही तेव्हां ताशीं ४० किलोमीटरांच्या वेगानें चाललों होतों. ह्या वेगाला गाडी एका सेकंदांत ११ मीटर जाते. पायाला अर्धा सेकंद उशीर झाला तर साडेपांच मीटर. उसाची टोकें कांचेस लागलीं होतीं, तेव्हां तो अर्धा सेकंद आम्हांस बंधूंनीं दिला, हें गणित कोणत्याही मुलाला सोडवितां यावें. आम्हीं तें सहा महिने सोडविलें नाहीं. मोतीबिंदु काढतां येतो. पायाचा उशीर काढणारी शस्त्रक्रिया नाहीं, हेंही आम्हांस ठाऊक होतें. पण हांक आणि ट्रॉली हीं एकदमच आलीं, असें आम्हीं मनाशीं ठरवून टाकलें होतें.

उलट आम्हांस शास्त्राधारही सांपडला होता. गीतेच्या अठराव्या अध्यायांत देहाला क्लेश होतील ह्या भयानें कर्म सोडणें हा राजस त्याग ठरविला आहे व त्याचें फळ मिळत नाहीं असें सांगितलें आहे. हें आम्हीं कुटुंबाला सविस्तर समजावून दिलें. त्यांनीं निवडत असलेले तांदूळ खालीं ठेवले नाहींत. "गीतेंत फटफटीचें नांव असेल तें पान दाखवा," एवढेंच म्हणाल्या. मग थोड्या वेळानें, सुपाकडेच पाहत, त्या म्हणाल्या, "अहो, भाऊजींची कंबर धरते. गाडीवर मागें बसून आले कीं दोन दिवस जाऊबाईंना शेक द्यावा लागतो. तरी हल्लीं तुम्ही निघालांत कीं ते पायांत चपला सरकवून उभे असतात. बाजारांत त्यांचें रोज काय काम असतें, हें तुम्हीं कधीं विचारलेंत?"

आम्हीं खरेंच विचारलें नव्हतें. मार्गशीर्षापासूनचें एकेक आठवूं लागलों. कधीं त्यांना टपालांत जावयाचें असे, कधीं गणपतीच्या दर्शनाला, कधीं भाजी पाहावयाची असे. आम्हांस वाटत होतें, पुण्याहून आल्यापासून त्यांना गाडीवर हिंडण्याची गोडी लागली. त्या दिवशीं संध्याकाळीं ओसरीवर आम्हीं त्यांना सरळ विचारलें. ते बराच वेळ नखानें झोपाळ्याच्या कडीचा गंज खरवडीत राहिले.

"दादा, तूं एकटा असतास तर हांक कोणी मारली असती?" ते म्हणाले.

"मग गाडी सोड म्हणून सांगावयाचें होतेंस."

"तूं ऐकलें नसतेंस. आणि ऐकलें असतेंस तर तें मलाच पाहवलें नसतें."

यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. ६३ वर्षांचा भाऊ, दुखरी कंबर घेऊन, आमच्या अर्ध्या सेकंदाची भरपाई करण्यासाठीं सहा महिने आमच्या मागें बसत होता, आणि तोल गेला असता तर प्रथम तोच पडणार होता. घराच्या उपयोगीं पडतों ह्या अभिमानावर आम्ही गाडी चालवीत होतों, आणि घर आम्हांस जपण्यासाठीं एक माणूस रोज पणास लावीत होतें. हा त्याग कोणत्या वर्गांत बसतो हें आम्हीं मग पाहिलें नाहीं. कागद भरला नाहीं.

मुदत संपण्यास तेरा दिवस उरले होते. त्यांतल्या एका सकाळीं, उजाडल्यावर, आम्हीं एकट्यानेंच गाडी बाहेर काढली. बंधु ओसरीवर तांब्या घेऊन उभे होते. 'मी येतों' असें ते म्हणाले नाहींत. घाट सावकाश चढलों, शाळेच्या फाटकापर्यंत गेलों, आणि फाटक बंद असल्यामुळें तेथूनच परत फिरलों. किल्ली पुतण्याच्या हातांत दिली.

त्यास उलटे पाय शिकविण्यांत पुढील पंधरा दिवस गेले. मुलगा हुशार, पण उत्सर्ग त्याच्या पायांत मुरलेला. पहिल्या दिवशीं किक उलटून त्याचा घोटा सुजला व त्याच्या आईनें आमच्याकडे ज्या नजरेनें पाहिलें ती आम्हीं मुकाट्यानें सोसली. एस. टी.चें वेळापत्रक आम्हीं खोलींत टांगलें आहे. पण त्या वेळांचा व गाड्यांचा संबंध आम्हांस अद्याप समजलेला नाहीं. अडल्या वेळीं आतां 'अण्णांना सांगा' असें कोणी म्हणत नाहीं. पहिल्यांदा तसें झालें त्या रात्रीं, औषध आणण्यासाठीं गाडी सुरू झाल्याचा आवाज आम्हीं अंथरुणांतूनच ऐकला. दुसऱ्या लाथेस सुरू झाली.

गेल्या रविवारीं पुतण्या म्हणाला, "अण्णा, बसा मागें, मेणवलीपर्यंत जाऊन येऊं." मागच्या बैठकीवर आम्ही ३८ वर्षांत प्रथमच बसलों. डोक्याला शिरस्त्राण होतें. पण हात कोठें ठेवावे हें कळेना. अखेर त्याच्या खांद्यावर ठेवले. मेणवलीच्या अलीकडे वळणावर म्हशी आडव्या आल्या. आमचा डावा पाय आपोआप जोरानें खालीं गेला. खालीं नुसता पाय ठेवण्याचा रबरी दांडा. गाडी म्हशींपासून चांगली दोन वांव अलीकडे उभी राहिली.

"अण्णा, ब्रेक दाबलात काय?" त्यानें मागें न पाहतां विचारलें.

"दाबला," आम्ही म्हणालों, "पण लागला तो तुझा."