लेहच्या वाटेवर: गाडी मोठी की मध्यम?

फ्रिज घ्यायचा असो, कपाट घ्यायचं असो की गॅसची शेगडी बदलायची असो, दुकानात पहिला शब्द आपला असतो. मोटारसायकल घ्यायची म्हटली की मात्र आपण चहा टाकायला आत जातो. बाहेर पुरुषमंडळी इंजिनाच्या गप्पा मारतात आणि किंमत आपल्याला कळते तेव्हा आगाऊ रक्कम भरून झालेली असते. आमच्या घरी या वेळी तसं झालं नाही. गाडी ठरवायच्या आधीच आम्ही चौघं मनालीहून लेहला जाऊन आलो, आणि त्या रस्त्यानं बऱ्याच शंका परस्पर मिटवून टाकल्या.

आम्ही साताऱ्याचे. ह्यांच्या निवृत्तीला तेव्हा तीन वर्षं उरली होती. मोटारसायकलवरून हिंडायचं हे त्यांचं जुनं स्वप्न. मुलं मार्गी लागल्यावर ते पुन्हा वर आलं. हल्ली ज्यांना ‘अॅडव्हेंचर’ गाड्या म्हणतात, त्यांतली एखादी घ्यावी असं त्यांच्या मनात होतं. पुढचं चाक मोठं, हँडल रुंद, पोटाखाली भरपूर जागा, चाकांना उसळी जास्त, त्यामुळे डांबरावर चालते तशीच खडीतून आणि पाण्यातूनही जाते, अशी ही जात.

या जातीत दोन घराणी. एक मध्यम, चारशे-साडेचारशे सीसीचं. उदाहरण द्यायचं तर रॉयल एनफिल्डची नवी हिमालयन: ४५२ सीसी, सुमारे ४० अश्वशक्ती, वजन १९६ किलो. दुसरं घराणं हजार सीसीच्या वरचं. बीएमडब्ल्यूची आर १३०० जीएस घ्या: १४५ अश्वशक्ती आणि वजन २३७ किलो. पहिलीची किंमत तीन लाखांच्या आसपास, दुसरीची वीस लाखांच्या पुढे. मधे साडेसहाशे ते नऊशे सीसीच्या गाड्या आहेत, पण त्याही दोनशे किलोंच्या वरच.

आमचे धाकटे भाऊजी पुण्याला असतात. त्यांच्याकडे मोठ्या घराण्यातली, अडीचशे किलोची गाडी आहे. त्यांचं म्हणणं एकच, “दादा, आयुष्यात एकदाच घ्यायची तर चांगली घे. वापरलेली घेतलीस तर दहा-अकरा लाखांत बसेल.” ह्यांनी लगेच फंडातून किती रक्कम काढता येईल याचा हिशेब मांडला. मला धडकी भरली ती पैशांची, आणि दुसरीही एक गोष्ट मनात होती. दोन वर्षांपूर्वी मी गिअरची गाडी शिकले होते. यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जायचे, परत यायचे. ती मोठी गाडी घरात आली की माझी जागा कायमची मागच्या सीटवर, हे मला स्पष्ट दिसत होतं. माझी उंची पाच फूट तीन इंच. भाऊजींच्या गाडीवर बसून पाहिलं, तर जमिनीला एका पायाचा अंगठा जेमतेम टेकला.

२०२४ च्या जुलैत निघालो. आम्ही गोवा एक्सप्रेसनं दिल्ली आणि तिथून रात्रीच्या बसनं मनाली. भाऊजी आणि जाऊबाई मात्र पुण्याहून मोटारसायकलवर आले. चार दिवसांचा प्रवास करून दोघं अशी टवटवीत उतरली, जणू शेजारच्या गावाहून आलीत. जाऊबाई म्हणाल्या, “ताई, मागची सीट म्हणजे सोफाच. शंभराच्या वेगाला हातातली पाण्याची बाटली हलत नाही.” हे त्या गाडीचं खरं सुख. सपाट हमरस्ता, दोन माणसं, भरपूर सामान आणि दिवसाला पाचशे किलोमीटर असतील, तर मोठ्या गाडीला तोड नाही. आम्ही मनालीत भाड्यानं घेतली ती जुनी ४११ सीसीची हिमालयन. अश्वशक्ती २४, सीटची उंची ८०० मिलिमीटर, वजन १९९ किलो. त्या झुलीतल्या हत्तीशेजारी ती आमच्या गावच्या बैलासारखी दिसत होती.

पूर्वी मनालीहून पुढे जायला रोहतांग चढावाच लागे. आता ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झालेला अटल बोगदा आहे. नऊ किलोमीटरचा हा बोगदा ओलांडला की निसर्गाचा पडदाच बदलतो. अलीकडे देवदार, धुकं, ओलसर हिरवाई. पलीकडे लाहौलचं कोरडं खोरं, उघडे डोंगर आणि नदीकाठी वाटाण्या-बटाट्याची शेतं. टंडीला चंद्रा आणि भागा या नद्या भेटतात आणि पुढे चंद्रभागा होते. पंढरीच्या चंद्रभागेची सवय असलेल्या आपल्या कानांना इथं ते नाव ऐकून बरं वाटतं. हीच नदी पुढे चिनाब म्हणून ओळखली जाते.

टंडीचा पेट्रोल पंप प्रसिद्ध आहे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, अशी तिथली पाटी वर्षानुवर्षं प्रवाशांना टाकी भरायला लावत आली. मीही हिशेब केला. आमची टाकी पंधरा लिटरची, भाऊजींची वीस. आमची गाडी लिटरला तीस किलोमीटर देत होती, त्यांची वीस. म्हणजे लहान टाकीवर आम्ही साडेचारशे जाणार आणि ते चारशे. पिठाच्या डब्याचा आकार पाहू नये, घरात खाणारी तोंडं किती ते पाहावं, तसंच हे.

जिस्पाला भागा नदीच्या काठी दोन रात्री राहिलो. उंचीची सवय होऊ देणं या रस्त्यावर फार आवश्यक. तिथून पुढे चढ सुरू होतो आणि तिथं मोठ्या गाडीची दुसरी बाजू दिसली. उंचीवर हवा विरळ होते, म्हणून इंजिनालाही आपल्यासारखीच धाप लागते. तंगलंग ला ही खिंड ५,३०० मीटरहून उंच आहे. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याच्या जवळ येतो आणि गाडीची ताकदही जवळजवळ तितकीच उतरते. २४ घोड्यांच्या गाडीत तिथं बारा-तेरा घोडे उरतात. दोघं बसलेले, सामान लादलेलं, अशा वेळी गाटा लूप्सची एकवीस वळणं आमच्या गाडीनं पहिल्या-दुसऱ्या गिअरमधे कण्हत चढली. भाऊजी वर पोचून आमची वाट बघत थांबले होते. लहान गाडीची ही उणीव आहे, ती झाकून चालणार नाही.

पण हा रस्ता एकसारखा नाही. बारालाचा ही जवळजवळ ४,९०० मीटर उंचीची खिंड. तिच्या आसपास बर्फाचं पाणी थेट रस्त्यावरून वाहतं. सकाळी हे नाले पायाच्या घोट्याएवढे असतात. ऊन चढलं, वरचा बर्फ वितळला, की दुपारी तेच गुडघ्याला लागतात. लष्करी ट्रकांचा ताफा पुढे सोडण्यात आमचा वेळ गेला होता, त्यामुळे एका नाल्याशी पोचायला दुपार झाली. तळाला नारळाएवढे गुळगुळीत गोटे. आम्ही दोघी जावा उतरलो, एकमेकींचा हात धरून पाण्यातून चालत गेलो. पाणी इतकं गार की पाय आपले आहेत की नाहीत कळेना.

ह्यांनी आमची गाडी पहिल्या गिअरमधे घातली आणि दोन्ही पाय टेकवत टेकवत, बदकासारखे पलीकडे आले. मागून भाऊजी. मधोमध पुढचं चाक गोट्यावरून घसरलं. त्यांनी डावा पाय टाकला, तिथं नेमका खड्डा. लहान गाडी त्या क्षणी मांडीनं सावरता येते. अडीचशे किलो, वर सामानाच्या पेट्या, एकदा कलली की कुणाच्या बापाला आवरत नाही. गाडी आडवी झाली. भाऊजी बाजूला पडले, नखशिखांत भिजले, पण देवाच्या दयेनं लागलं नाही. ह्यांनी आणि त्यांनी मिळून उचलायचा प्रयत्न केला. त्या उंचीवर दहा पावलं चाललं तरी धाप लागते. दोनदा उचलली, दोनदा खाली गेली. शेवटी मागच्या ट्रकमधून दोघं जण उतरले तेव्हा चौघांनी मिळून ती उभी केली. भाऊजी गाडी उत्तम चालवतात, आणि गाडीतही दोष नव्हता. वजन आणि ती जागा यांचं जमलं नाही, इतकंच.

दुसऱ्या दिवशी पांगला आमचीही गाडी पडली. चहाला थांबलो होतो, साइड स्टँड वाळूत रुतला आणि उभी गाडी हळूच आडवी झाली. ती मात्र आम्ही दोघांनी उभी केली. हलकी नव्हती, माझी कंबर रात्रीपर्यंत बोलत होती. पण उभी केली, आणि कुणाला हाक मारावी लागली नाही.

पांगच्या पुढे चढ संपतो आणि एकदम मोरे मैदान उघडतं. सुमारे चाळीस किलोमीटरचं पठार, दोन्ही बाजूंना तपकिरी, जांभळट डोंगर, मधून सरळ डांबरी रस्ता. आपलं कास पठार असं शंभर पट ताणावं आणि त्यावरचं गवत-फूल सगळं काढून घ्यावं, तसं काहीसं. कुठं कियांग नावाची रानगाढवं चरताना दिसतात. मी ह्यांना म्हटलं, “आता मी घेते.” हे एक क्षण थांबले, मग मुकाट्यानं मागे बसले. लग्नाला तीस वर्षं झाली, पण मोटारसायकलवर ते माझ्या मागे पहिल्यांदाच बसत होते. पहिल्या दोन किलोमीटरांत त्यांनी माझे खांदे असे धरले होते की मला सांगावं लागलं, “अहो, जरा सैल सोडा, क्लच दाबता येत नाही.” मग सैल झाले. नंतर तर डोंगरांचे फोटोही काढू लागले. मैदान संपेपर्यंत गाडी माझ्याकडे होती. वेग पन्नासचा. त्या रस्त्यावर तेवढा पुष्कळ होतो.

लेहला पोचल्यावर रात्री जेवताना विषय निघालाच. जाऊबाई तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “मला आमची गाडी आवडते, ताई. पण ती माझी कधी होणार नाही. तिला मी नुसती धुते.” भाऊजी हसले, पण मग बराच वेळ बोलले नाहीत. ह्यांनी फंडाचा विषय त्यानंतर काढला नाही.

त्याच वर्षी दिवाळीत आम्ही ४५२ सीसीची हिमालयन घेतली. जुनीपेक्षा ताकद दीडपटीहून अधिक आणि वजन मात्र तेवढंच, त्यामुळे गाटा लूप्ससारख्या चढाची चिंता कमी झाली. तिची सीट ८२५ मिलिमीटरची, पण कंपनीची कमी उंचीची सीट वेगळी मिळते, ती आम्ही बसवली. माझ्यासाठी एक वापरलेली ४११ घेतली. दोन्ही मिळून भाऊजींनी सांगितलेल्या वापरलेल्या मोठ्या गाडीच्या निम्म्याहून कमी पैसे लागले, आणि फंडाला हात लागला नाही.

तुमच्या घरी असा विषय निघाला, तर थोडं सांगते. आधी विचारा, ही गाडी वर्षातून किती दिवस हमरस्त्यावर आणि किती दिवस खडीत जाणार? चालवणारा उंचापुरा आहे, दोघांनी एकाच गाडीवर दूरदूर जायचं आहे आणि ऐपत आहे, तर मोठी खुशाल घ्या. टायर, सर्व्हिसिंग आणि विम्याचा वर्षाचा खर्च मात्र दुकानातच कागदावर लिहून मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या सर्व मोटारसायकलींवर ४० टक्के जीएसटी आहे, म्हणजे किंमत जितकी मोठी, तितका करही मोठा.

दुकानात गेलात की स्वतः सीटवर बसा, अगदी बूट घालून. दोन्ही पायांचे चवडे टेकायला हवेत. गाडी बंद ठेवून चार पावलं मागे ढकलून बघा. पडलेली गाडी उचलायची रीतही शिकून घ्या: आधी इंजिन बंद, गाडी गिअरमधे, मग तिच्याकडे पाठ करून खाली बसायचं, एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांडीला, पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर मागे मागे सरकत उठायचं. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा, नाही तर उभी केलेली गाडी पलीकडे जाते. तुमचा परवाना बिनगिअरच्या स्कूटरचा असेल तर गिअरच्या गाडीसाठी आरटीओतून नवी नोंद करून घ्यावी लागते. मागे बसणारीलाही हेल्मेट सक्तीचं आहे, आणि ते आपल्या डोक्याच्या मापाचं हवं, घरात पडलेलं जुनं नको.

आणि इंजिनाच्या गप्पा सुरू झाल्या की चहा जरा उशिरा टाका. गाडी कुणाला चालवता येणार आहे, हे आधी विचारून घ्या.