न विकले जाणारे घर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. आजच्या काळात या म्हणीला ‘घर पाहावे विकून’ अशी तिसरी जोड द्यावी लागेल. घर बांधून झाले की आपला माणूस आशीर्वादासाठी धर्मगुरूला बोलावतो. ते विकायचे ठरले की दलालाकडे जातो. दलालाला दिलेली मुदत संपूनही गिऱ्हाईक मिळाले नाही, की पुन्हा धर्मगुरूकडे येतो. “फादर, घर काही जाईना. एखादी प्रार्थना सांगा,” ही विनंती मला नवी नाही.

अमेरिकेतील अनेक भाविक अशा वेळी संत योसेफाची छोटी मूर्ती अंगणात उलटी पुरतात आणि घर विकले गेले की ती बाहेर काढतात. त्यासाठी मूर्ती आणि प्रार्थनापत्रिका यांचे संच दुकानांत मिळतात. त्यांच्या श्रद्धेची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु पवित्र कुटुंबाचा पोशिंदा असलेल्या या सुताराला मातीत उलटे ठेवून कामाला लावणे ही प्रार्थना नव्हे, तो सौदा झाला. योसेफाची मध्यस्थी जरूर मागावी. मात्र त्याच्यासारखे आपले काम आपण आधी नीट करावे.

ते काम कोणते? भोकरदन तालुक्यातील धावडा गावासारख्या ठिकाणी ते चटकन ध्यानात येते. मुले नोकरीसाठी छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला जातात, आईवडील देवाघरी जातात आणि जुन्या घराला कुलूप लागते. गावातल्या घराचे गिऱ्हाईक बहुधा गावातच असते: शेजारी, भाऊबंद, नाहीतर शेजारच्या वस्तीवरचा कोणी. त्याला घराची भिंत न् भिंत आणि घराण्याचा इतिहास ठाऊक असतो. त्याच्यापुढे जाहिरात चालत नाही. म्हणून मुदत संपताच दुसरा दलाल शोधण्याऐवजी, ‘लोक का थांबले?’ हे पहिल्या दलालाला आणि घर पाहून परत गेलेल्यांना शांतपणे विचारावे.

पहिले उत्तर बहुधा किमतीचे असते. ज्या ओट्यावर आपण आजीच्या मांडीवर निजलो, त्या ओट्याची किंमत आपल्या मनात फार मोठी असते. पण गिऱ्हाईक आठवणींचे पैसे देत नाही. रेडी रेकनरचा दरही मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी असतो. तेवढी रक्कम हाती पडेल, अशी हमी तो देत नाही. गावात अलीकडे झालेल्या दोन-तीन खऱ्या व्यवहारांची चौकशी करावी आणि मग आकडा ठरवावा. गळके छत किंवा भिंतीची भेग लपवू नये. जमल्यास दुरुस्त करावी, न जमल्यास सांगून टाकावी.

दुसरे उत्तर कागदांचे. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. मालकी सिद्ध करायला तेवढा पुरत नाही. त्यावरही कित्येकदा आजोबांचेच नाव असते. गावठाणातील घरांची ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रक देणारी स्वामित्व योजना केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी सुरू केली. आपल्या घराचे पत्रक झाले आहे का, त्यावर कोणाचे नाव आहे, हे पाहून वारसनोंद करून घ्यावी.

तिसरे उत्तर सर्वांत अवघड, कारण ते घरातल्याच माणसांचे असते. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला आणि मागे पत्नी व मुले असली, तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेला भाग सर्व मुलांना सारखा मिळतो. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही. तरीही लग्न होऊन गेलेल्या बहिणीला सौदा ठरल्यावर शेवटी बोलावून हक्कसोडपत्रावर सही करायला सांगितले जाते. ती गप्प राहते, सही लांबते आणि गिऱ्हाईक निघून जाते. अशा वेळी घराला नजर लागली म्हणणे सोपे असते. खरे तर बहिणीला पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. तिने आपला वाटा आनंदाने सोडला तर ते तिचे दान. आपण तो गृहीत धरला तर ती चोरी.

यिर्मया संदेष्ट्याची गोष्ट मला येथे आठवते. ख्रिस्तपूर्व ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला होता. अशा वेळी जमीन कोण घेणार? तरी देवाच्या आज्ञेवरून यिर्मयाने चुलतभाऊ हनामेलचे अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुप्याला घेतले. साक्षीदार बोलावले, रुपे तोलून दिले आणि खरेदीखताच्या दोन्ही प्रती, मोहरबंद आणि उघडी, बारूखकरवी मातीच्या भांड्यात ठेवल्या. या देशात पुन्हा घरे आणि शेते विकत घेतली जातील, हा त्यामागचा विश्वास होता. त्याची आशा देवावर होती आणि कागदही चोख होते. या दोहोंत त्याला विरोध दिसला नाही.

एवढे सारे करूनही घर गेले नाही तर? तर त्याला ओझे मानू नये. लेखी, नोंदणीकृत करार करून ते एखाद्या शिक्षकाला किंवा परिचारिकेला भाड्याने द्यावे. भावंडांपैकी एकाने इतरांचे वाटे योग्य मोबदल्यात घ्यावेत. निदान वर्षातून दोनदा कुलूप उघडून छत शाकारावे, कारण बंद घर लवकर खचते आणि त्याबरोबर त्याची किंमतही.

घर विकण्यात पाप नाही. आब्राहामही आपले घर सोडून निघाला होता. पण जे घर आईवडिलांनी सर्वांसाठी उभे केले, ते विकताना भावंडांतले नाते मोडले, तर मिळालेली किंमत कितीही मोठी असो, व्यवहार तोट्याचाच झाला. म्हणून प्रार्थनेची विनंती घेऊन येणाऱ्यांना मी आधी एकच विचारतो, “बहिणीशी बोललात का?”