मर्यादेची चव : व्हेनिसहून दोन पत्रे

व्हेनिस, जुलैचा पहिला आठवडा

ती. मामांस सा. न.

व्हेनिसमध्ये खाणे महाग आणि बेचव, असे तुम्ही अनेकांकडून ऐकले असेल. सान मार्को चौकाभोवतीच्या, दारात सचित्र मेनूकार्डे लावलेल्या हॉटेलांपुरते ते खरेही आहे. पण या शहराची अस्सल खाद्यपरंपरा पाहायची तर बाकारोत जावे. बाकारो म्हणजे वाइनचे छोटेसे दुकान. काचेमागे चिकेत्ती मांडलेल्या असतात: पावाच्या किंवा पोलेंता नावाच्या मक्याच्या घट्ट सांज्याच्या तुकड्यावर एक-दोन घासांचा ऐवज. सोबत वाइनचा लहान पेला. गिऱ्हाईक काउंटरशी उभ्यानेच खाते आणि वाटेला लागते. या छोट्या घासांत टंचाईशी जुळवून घेतलेल्या शहराचे शहाणपण आहे, आणि उन्हाळ्यातल्या पाहुण्याने त्याच मापाने खाल्ले तर त्याचे आणि शहराचे दोघांचेही भले आहे, असे माझे ठाम मत आहे.

पहिला पुरावा पाण्याचा. चहूकडे खारे पाणी. 1884 मध्ये मुख्य भूमीवरून नळाने पाणी येईपर्यंत हे शहर मुख्यतः पावसावर विसंबून होते. चौकातल्या फरशीवरचे पाणी खाली मुरे, वाळूच्या थरांतून गाळले जाऊन मधल्या विहिरीत उतरे. साठवणीचा हाच विचार ताटातही दिसतो. ‘सार्दे इन साओर’मध्ये तळलेल्या तारल्यांवर व्हिनेगरमध्ये मऊ शिजवलेला कांदा, बेदाणे आणि चिलगोजे यांचे थर देतात. बर्फ नसलेल्या काळात, खलाशांच्या प्रवासात मासा टिकावा म्हणून ही युक्ती. आणि पदार्थ मुरल्यावर, दुसऱ्या दिवशी जास्त रुचकर लागतो. ‘बाकाला मांतेकातो’ तर नॉर्वेत वाऱ्यावर वाळवलेल्या कॉडचा. व्हेनिसचा दर्यावर्दी पिएत्रो क्वेरिनी याचे जहाज 1431 मध्ये भरकटले, तो नॉर्वेच्या लोफोतेन बेटांवर पोचला आणि त्याच्यामुळे हा मासा इथे आला, असे परंपरा सांगते. हा लाकडासारखा कडक मासा भिजवून, शिजवून, तेलाची धार धरून पांढराशुभ्र होईपर्यंत घोटतात. कोकणातल्या माणसाला सुक्या बोंबलांमुळे यामागचे शास्त्र वेगळे समजवावे लागणार नाही. रियाल्तोच्या मासळीबाजारात तर मर्यादा दगडातच कोरली आहे. तिथल्या एका संगमरवरी पाटीवर विक्रीयोग्य माशांची किमान लांबी दिली आहे: वाम 25 सेंटिमीटर, कालव 5. त्याहून लहान जीव विकायचा नाही. उद्याची सोय आजच्या भुकेआधी पाहणारा हा बाजार आहे.

व्हेनिस, रेदेन्तोरेच्या सणाचा आठवडा

ती. मामांस सा. न.

तुमचे उत्तर पोचले. मामींची शंका रास्त आहे: शाकाहारी माणसाने काय करावे? सांत-एरास्मो या बेटावरची भाजी होडीने शहरात येते. आर्टिचोकचे तळ कापून लिंबाच्या पाण्यात ठेवलेले बाजारात मिळतात. चीज, पोलेंता, परतलेली वांगी आणि ढोबळी मिरचीही असते. मात्र उकडलेल्या अर्ध्या अंड्यावरही खारवलेला अँचोव्ही मासा बसलेला असतो, म्हणून विचारूनच घ्यावे. उभ्याने खाणे म्हणजे जेवण नव्हे, हा तुमचा आक्षेप वयस्कर माणसांच्या बाबतीत मला मान्य आहे. त्यांनी बसण्याचे जादा पैसे खुशाल मोजावेत. पण मागवावे याच मापाचे. भर उन्हात चार वाढींचे जेवण तसेही अंगावर येते.

तुमचा शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे: सगळे पाहुणे बाकारोत शिरले तर गावकऱ्यांनी जायचे कुठे? या बेटांवर 1951 मध्ये सुमारे पावणेदोन लाख लोक राहत. आता पन्नास हजारही नाहीत. 2024 पासून काही ठरावीक दिवशी, दिवसापुरते येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतात. माणसे कमी झाली तशी मासळीबाजारातली दुकानेही घटली. तरीही माझे मत बदलत नाही. पाहुणा कुठेतरी खाणारच. फक्त पाहुण्यांवर चालणाऱ्या हॉटेलपेक्षा त्याचा पैसा गावकऱ्यांनाही गिऱ्हाईक मानणाऱ्या दुकानात गेला, तर निदान ते दुकान टिकते. अट एवढीच, की दोन घास खाऊन जागा मोकळी करावी, पुलाच्या पायऱ्या अडवू नयेत आणि बाटलीबंद पाण्याऐवजी चौकातल्या नळाचे, पिण्यायोग्य पाणी भरून घ्यावे.

शहर अजून स्वतःसाठी रांधते, याचा पुरावा रेदेन्तोरे. 1575 ते 1577 च्या प्लेगने सुमारे एक तृतीयांश माणसे नेली. त्यातून सुटका झाल्याबद्दल हा सण सुरू झाला. जुलैतल्या तिसऱ्या रविवारच्या सणासाठी जुदेक्का कालव्यावर पूल उभारतात आणि आदल्या रात्री घरोघरची मंडळी होड्यांत बसून साओर, लहान गोगलगायी आणि कलिंगड खातात. त्या होड्यांत पाहुण्याला जागा नसते, आणि ते योग्यच आहे. यजमानाने स्वतःसाठी काही राखून ठेवले तरच त्याला दुसऱ्याला वाढता येते. म्हणून या शहरात येणाऱ्याने भूक थोडी कमी आणि आदर थोडा जास्त घेऊन यावे.

आपला,
भाचा