मिझुरीची टाच आणि रंग बदललेलं केंटकी

प्रिय सुमे,

लेक अमेरिकेच्या इतिहासातल्या सनावळ्या पाठ करून रडकुंडीला आली आहे, असं लिहिलंस. तिला म्हणावं, पुस्तक मीट आणि नकाशे काढ. हल्ली मी त्याच इतिहासाच्या नकाशांत बुडालेले असते, म्हणून हे लांबलचक पत्र.

सुरुवात तुमच्या मिझुरीपासूनच करू दे. राज्याची दक्षिण सीमा 36 अंश 30 मिनिटांवरून सरळ जाते आणि मिसिसिपीजवळ एकदम खाली उतरते, थेट 36 अंशांपर्यंत. या तुकड्याला तिकडे बूटहील म्हणतात. जॉन हार्डमन वॉकर नावाच्या जमीनदाराची तिथे मोठी मालमत्ता होती. 1811-12च्या न्यू माद्रिदच्या भूकंपांनंतर पुष्कळ लोक तो भाग सोडून गेले, हा मात्र हलला नाही. होणाऱ्या राज्याची सीमा आपल्या जमिनीच्या वरच थांबणार, हे कळताच त्याने खटपटी करून ती खाली ओढून घेतली, असं सांगतात. नकाशात रेघ वाकडी दिसली की तिथे कोणाचा तरी हात असतो, हे लेकीला यातून चटकन कळेल.

आणि सरळ रेघ? ती तर जास्त भयंकर. 1819च्या अखेरीस गुलामगिरी असलेली 11 राज्यं आणि नसलेली 11, म्हणून सिनेटमध्ये बरोबरी होती. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जेम्स टॅलमॅज यांनी मागणी केली होती, की मिझुरीत नवे गुलाम आणू नयेत आणि पुढे जन्मणारी मुलं पंचविसाव्या वर्षी मोकळी व्हावीत. प्रतिनिधिगृहाने ते मान्य केलं, सिनेटने फेटाळलं. शेवटी 1820 साली तोड निघाली: मिझुरी गुलामगिरीसह, मेन तिच्याविना. शिवाय 1803 साली फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरना घेतलेल्या मुलखात, मिझुरी सोडून, 36 अंश 30 मिनिटांच्या या रेघेच्या वर गुलामगिरीला बंदी. लेकीला दोन्ही बाजू रंगवायला सांग. वर अफाट मुलूख आणि खाली केवढासा पट्टा! मग दक्षिणेने हे कबूल कसं केलं, हा प्रश्न तिला आपसूक पडेल. मिझुरी तेव्हाच पदरात पडत होतं आणि वरच्या मुलखात गोऱ्यांची वस्ती जवळजवळ नव्हतीच. तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांना मात्र कोणी विचारलंसुद्धा नाही.

आता 1824च्या अध्यक्षीय निवडणुकीचे दोन नकाशे शेजारी ठेव. पहिला निर्वाचकांच्या मतांचा: जॅक्सन 99, अ‍ॅडम्स 84, क्रॉफर्ड 41, क्ले 37. (जॅक्सन म्हणजे 1815 साली न्यू ऑर्लिन्सला इंग्रजांना हरवणारा.) बहुमत कोणालाच नाही, म्हणून निवडणूक पहिल्या तिघांपुरती प्रतिनिधिगृहाकडे गेली, एका राज्याला एक मत या हिशेबाने. दुसरा नकाशा या मतदानाचा, 9 फेब्रुवारी 1825चा. त्यात केंटकी बघ. पहिल्या नकाशात ते क्लेचं होतं. तिथल्या विधिमंडळाने जॅक्सनला मत द्या म्हणून बजावलेलं असूनही दुसऱ्यात ते अ‍ॅडम्सचं झालं. ओहायोही क्लेकडून अ‍ॅडम्सकडे गेलं. आणि तुमच्या मिझुरीचा तर एकच प्रतिनिधी, जॉन स्कॉट. त्या एकट्याच्या मताने अख्खं राज्य अ‍ॅडम्सकडे गेलं. अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले, क्ले परराष्ट्रमंत्री. सौदा झाला होता की नाही यावर वाद घालत बसा, पण जॅक्सनच्या माणसांनी तो राग चार वर्षं जपला आणि 1828 साली 178 विरुद्ध 83 मतांनी वसूल केला.

दक्षिणेची मतं मोजताना हेही तिला सांग, की जागा ठरवताना दर पाच गुलामांमागे तीन माणसं धरत. मत त्यांना नाही, त्यांच्या संख्येचं बळ मात्र मालकांना.

ज्या नकाशाने माझी झोप उडवली तो जॉर्जियाचा आहे. जॅक्सन अध्यक्ष असताना, 1830 साली, मूळ रहिवाशांच्या हकालपट्टीचा कायदा प्रतिनिधिगृहात 102 विरुद्ध 97 असा जेमतेम मंजूर झाला. पुढे जॉर्जियाने मोजणीदार पाठवून तिथल्या चेरोकी या मूळ रहिवाशांच्या प्रदेशाचे 160 आणि 40 एकरांचे चौकोन पाडले आणि 1832 साली ते गोऱ्यांना सोडतीने वाटायला काढले. 40 एकरांचे तुकडे सोन्याच्या पट्ट्यातले. त्या चौकोनांत चेरोकी कुटुंबं तेव्हा नांदत होती, त्यांची शेतं होती, घरं होती. नकाशावर उरले फक्त क्रमांक. 1838-39 साली त्यांना पश्चिमेला हाकललं, तेव्हा हजारो माणसं वाटेत आणि छावण्यांत मेली.

त्यांतले बरेच तांडे मिझुरीतूनच गेले. केप जिरार्डो परगण्यात, नदीकाठी, त्यांच्या आठवणीसाठी ट्रेल ऑफ टियर्स उद्यान राखलं आहे. आणि त्याच परगण्याचं मुख्य गाव आहे जॅक्सन, त्याच जॅक्सनच्या नावाचं! सेंट लुईसहून गाडीने दोनेक तासांची वाट. सुट्टीत लेकीला घेऊन जा, जाताना तिच्या हातात छापील नकाशा दे, आणि ती काय काय विचारते ते मला सविस्तर लिही.

तुझी,
पुण्याची मैत्रीण