इमाम बुखारींसाठी अर्धा तास

थोरल्याने कागद पाठवला त्या संध्याकाळी मी पंचक्कीवरून फिरून नुकताच घरी आलो होतो. आमच्या लग्नाला यंदा चाळीस वर्षे झाली. त्यानिमित्त त्याने मला आणि बेगमला समरकंदला पाठवायचे ठरवले होते. कागदावर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'लक्झरी पॅकेज, तीन रात्री, चार दिवस.' खाली मोठ्या हॉटेलचे नाव, विमानतळावर न्यायला येणारी गाडी, वेगवान रेल्वेची वरच्या वर्गाची तिकिटे, इंग्रजी बोलणारा वाटाड्या आणि शेवटी हम्माम.

मी शाळामास्तर. आमचा सर्वांत मोठा प्रवास म्हणजे हजचा, तोही हज कमिटीमार्फत. एका खोलीत पाचजण होतो आणि बेगमने इथून डाळ-तांदूळ व कुकर नेला होता. मी लगेच फोन लावला. म्हटले, "बेटा, हा इस्राफ आहे. उधळपट्टी अल्लाहला आवडत नाही."

तो हसला. "अब्बा, इस्राफ कसला? अम्मीचे गुडघे बघा. लिफ्ट नसलेल्या सरायखान्यात तिला नेणार आहात का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर समरकंदचे नाव ऐकताच मन आधीच विरघळले होते. आमच्या औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, त्या मुलखाशी जुने नाते आहे. पंचक्कीत ज्यांची मजार आहे ते बाबा शाह मुसाफिर मूळचे बुखाऱ्याजवळच्या गिझदुवानचे. औरंगजेबाच्या काळात ते दख्खनेत येऊन राहिले. तिकडून येणाऱ्या फकिरांना आणि शिपायांना त्यांच्या तकियात आसरा मिळे. लहानपणापासून मी त्या हौदाच्या काठावर बसत आलो. पण ते बाबा जिथून निघाले तो मुलूख आपण कधी पाहू, असे मनात आले नव्हते. ज्या वाटेवर त्या लोकांनी उमर घालवली, ती आम्ही दिल्लीहून ताश्कंदपर्यंत साधारण तीन तासांत उडून जाणार. पुढे समरकंदपर्यंत दोन-सव्वादोन तासांची रेल्वे. त्या गाडीचे नाव अफ्रासियाब. जुन्या समरकंदचे अवशेष ज्या टेकाडावर आहेत त्याचे हे नाव. १२२० मध्ये चंगेझखानाच्या फौजेने ते शहर उद्ध्वस्त केले. आजचे शहर त्याच्या शेजारी वसलेले.

मी चष्मा लावून चार दिवसांचा कार्यक्रम वाचायला घेतला. पहिला दिवस प्रवासाचा. दुसऱ्या दिवशी रेगिस्तान, म्हणजे तीन बाजूंनी मदरसे असलेले मोठे मैदान. उलुग बेगचा मदरसा १४२० मध्ये पूर्ण झाला. शेरदार आणि तिल्याकारी हे दोन सतराव्या शतकातले. मग गूर-ए-अमीर, तैमूरची कबर. दुपारी बीबी खानम मशीद. १३९८ मध्ये दिल्ली लुटून तैमूर परतला आणि पुढच्याच वर्षी त्याने या मशिदीचे काम काढले. दगड ओढायला इकडून नेलेले हत्ती होते. वाचता वाचता वाटले, त्या नक्षीकडे पाहताना आपल्याला दिल्लीही आठवली पाहिजे.

तिसऱ्या दिवशी शाह-ए-जिंदा. तिथल्या जिन्याच्या पायऱ्या चढताना आणि उतरताना सारख्याच मोजल्या गेल्या तर गुनाह माफ होतात, अशी तिथली समजूत. बेगम म्हणाली, "अजी, मेरे घुटनों को बख्शो. गुनाह तुमीच गिनो." त्यानंतर उलुग बेगची वेधशाळा. हा बादशहा ताऱ्यांची गणिते मांडायचा, मदरशात विद्वानांबरोबर बसायचा आणि १४४९ मध्ये पोटच्या मुलाच्या इशाऱ्यावरून मारला गेला. वेधशाळेनंतर एक छोटी ओळ होती, 'इमाम बुखारी मजार, ३० मिनिटे.' संध्याकाळी हॉटेलशेजारच्या नव्या संकुलात फेरफटका. २०२२ मध्ये कालव्याकाठी बांधलेल्या या संकुलात जुन्या गावाची नक्कल करून एक गाव उभारले आहे. त्या नकली गावासाठी तीन तास ठेवले होते.

मी तिथेच थांबलो. नाव बुखारी असले तरी इमामसाहेबांची कबर बुखाऱ्यात नाही, समरकंदपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवरच्या खर्तंग गावी आहे. त्याची हकीकत आम्ही मुलांना शाळेत सांगत असू. बुखाऱ्याच्या हाकिमाने त्यांना निरोप धाडला की महालात येऊन माझ्या मुलांना शिकवा. इमामसाहेबांनी नकार दिला. इल्म कुणाच्या दारी नेऊन त्याची बेअदबी मी करणार नाही. शिकायचे असेल त्याने मशिदीत यावे, अशी त्यांची भूमिका. परिणामी त्यांना बुखारा सोडावा लागला. हिजरी २५६, म्हणजे इसवी सन ८७० मध्ये, ईदच्या रात्री, नातलगांच्या गावी त्यांचा इंतकाल झाला.

ही हकीकत मी किती वर्षे रंगवून सांगितली! आणि त्याच वर्षांत रोज पाच वाजता शाळा सुटली की सायकल काढून एका बड्या बांधकामवाल्याच्या बंगल्यावर जात होतो. त्याच्या दोन मुलांना गणित शिकवायचे होते. महिन्याला जे मिळे ते पगाराच्या निम्मे होते. माझ्या वर्गातली दोन-चार पोरे पाच वाजता वही घेऊन दारात उभी राहत. "सर, हे गणित सुटत नाही." मी म्हणायचो, "उद्या या." त्यांतल्या एकाने नववीत शाळा सोडली. आज त्याचे गॅरेज आहे. मला पाहिले की ग्रीसचे हात फडक्याला पुसतो आणि सलाम करतो. मला मात्र दर वेळी ते 'उद्या' आठवते.

हे मी बेगमला कधी सांगितले नव्हते. त्या रात्री सांगितले. म्हटले, "सगळे समरकंद पाहीन, पण त्या कबरीपुढे कोणत्या तोंडाने उभा राहू?"

ती बराच वेळ गुडघ्यांना तेल चोळत राहिली. मग म्हणाली, "त्या बंगल्याच्या पैशांतून कुणाची फी भरली, आठवते का? थोरल्याची. तोच आता आपली तिकिटे काढतोय. हाकिमाने इमामसाहेबांना बोलावले, तेव्हा त्यांच्या घरी इंजिनिअरिंगची फी थकली नव्हती."

"आणि त्या पोराची वही?"

"ते खरे आहे," ती म्हणाली. "त्याला माझ्याकडे जवाब नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही कागद पुन्हा पुढ्यात घेतला. माझे म्हणणे होते की रेगिस्तानजवळच्या लहान घरगुती मुसाफिरखान्यात उतरावे, स्वस्तात. बेगमने साफ नकार दिला. "चाळीस वर्षे तुमच्या आधी उठून चहा केला. चार सकाळी मला कुणीतरी आयता चहा देऊ दे." मोठे हॉटेल कायम राहिले. लिफ्ट राहिली, गाडी राहिली. हम्माम मी खोडणार होतो, पण तिने माझ्या हातून पेन काढून घेतले. इस्राफ कशाला म्हणायचे, हे चाळीस वर्षे स्वयंपाकघर सांभाळणारीनेच ठरवावे, असे मला त्या दिवशी पटले.

खोडले ते नकली गाव. वेधशाळा दुसऱ्या दिवसाच्या दुपारी सरकवली, खरेदीचा वेळ निम्मा केला. तिथले लोक समरकंदी नान पाहुण्यांबरोबर बांधून देतात असे ऐकले आहे. बाजारातून दोन नान मात्र आणायचे, एक घरी आणि एक गॅरेजवाल्याकडे. ही भर बेगमची.

थोरल्याला फोन करून बदल सांगितले. त्याने विचारले, "अब्बा, इमाम बुखारींना अख्खी सकाळ? एवढा वेळ तिथे काय करणार?"

"बसणार," मी म्हणालो.

नवा कागद आला आहे. तिसऱ्या दिवसापुढे लिहिले आहे, 'सकाळी ९ ते १२, इमाम बुखारी मजार. वाटाड्या नको.' व्हिसाचा छापील कागद, बेगमच्या गोळ्या, जाड मोजे, सारे एका पिशवीत जमवले आहे. सप्टेंबरअखेर निघायचे. फातिहा पढून झाल्यावर तिथे काय बोलायचे, तेवढे अजून ठरलेले नाही.